दात घासायचं काम आईबापाचंच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिव्यांग मुलांच्या शिबिराची बातमी परवा वाचली, फिजिओ झालं, डोळे-कान तपासले, दाताचं नावच नाही, म्हणून लिहितेय. माझा मुलगा 9 वर्षांचा, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे (मेंदूतल्या दोषामुळं स्नायूंवर नीट ताबा राहत नाही), बोलता येत नाही. गेल्या पावसाळ्यात तो सारखा गालावर बुक्क्या मारून घ्यायचा, ताट ढकलून द्यायचा, आम्हाला वाटलं हट्टीपणा वाढलाय, सासूबाईंनी दृष्टसुद्धा काढली. महिन्याभरानं एका डॉक्टरांनी बॅटरी मारून तोंडात बघितलं तर मागची दाढ किडून पोकळ! पोराची दाढ ठणकत होती आणि आम्ही त्यालाच ओरडत होतो.

चूक आमचीच. ब्रश आत घातला की तो कचकन चावायचा, मग राहू दे, उद्या बघू. फिटचं सिरप गोड, रात्री ते पाजून तसाच झोपवायचो. वर लाडाची काकवी-चपाती, आणि कोल्हापुरात काकवीला नको कोण म्हणणार. दुपारच्या भाकरीचा गोळा रात्री गालात सापडायचा, जीभ तिकडं वळतच नाही त्याची. काही मुलांना फिटसाठी फेनिटॉइन असतं, त्यानं हिरड्या वाढून दातावर चढतात हेही तेव्हाच कळलं (म्हणून औषध मनानं बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा).

आता रात्री मी त्याच्या खुर्चीमागं उभी राहते, डोकं माझ्या छातीला टेकवून डाव्या हातानं हनुवटी धरते आणि घासते. मान फार मागं टाकायची नाही, ठसका लागतो. थुंकता येत नाही म्हणून फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच, उरलेला फेस ओल्या फडक्यानं पुसायचा. ह्यांनी ब्रशला सायकलच्या हँडलची ग्रिप बसवली, आधी पोरगं स्वतः दोन हात मारतं मग मी. सुरवातीचे पंधरा दिवस तर नुसता ब्रश ओठाला लावायचा, पाच आकडे मोजायचे की बास. आता मोजायला लागलं की स्वतःच तोंड उघडतो. रविवारी ही ड्युटी ह्यांची, सगळं आईवरच कशाला?

पुढच्या शिबिरात एक दातांचे डॉक्टर बसवा, आणि नुसतं तपासून कार्ड देऊ नका, आईबापाच्या हातात ब्रश देऊन पोराचे दात तिथंच घासून घ्या.

एक आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर