राणीछाप रुपयांना रंग चढवू नकोस

पुणे

प्रिय दिगू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं आणि पाठोपाठ फोटोही आले. आजोबांच्या ट्रंकेतले राणीछाप रुपये ऑनलाइन विकायचं ठरवलंस, त्यात वावगं काहीच नाही. चार भावंडांच्या चार कपाटांत पडून राहण्यापेक्षा कदर असलेल्या माणसाकडे गेलेले बरे. पण विकण्याआधी त्यांवर अंड्याने रंग चढवायचा आणि ते न सांगता फोटो टाकायचा तुझा बेत वाचला आणि हातातलं काम टाकून लिहायला बसलो.

उकडलेल्या अंड्याबरोबर चांदीचं नाणं डब्यात बंद केलं की त्यावर इंद्रधनुष्य उमटतं, हे खरं आहे. तू पाहिलेला व्हिडिओ खोटा नाही. अंड्यातला हायड्रोजन सल्फाइड चांदीला लागतो आणि वर सिल्व्हर सल्फाइडचा पापुद्रा धरतो. देव्हाऱ्यातली वाटी काळी पडते ती यानेच, फक्त सावकाश. पापुद्रा पातळ असेतो त्यात रंग दिसतात, पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलसारखे. जाडी वाढेल तसे ते बदलत जातात: आधी फिकट पिवळा, मग तांबूस-जांभळा, मग निळा, पुन्हा पिवळा, गुलाबी, हिरवट आणि शेवटी काळाकुट्ट. हा क्रम ठरलेला. म्हणून पिवळ्याला खेटून एकदम गडद निळा आला आणि मधला तांबूस पट्टा गायब असला, की जाणकार भिंग काढतो.

तू 'हा बघ केवढ्याला गेला' म्हणून पाठवलेला रुपया मी मोठा करून पाहिला. राणीच्या कानावरचे केस पार झिजलेत, गालावर बारीक समांतर ओरखडे आहेत, म्हणजे नाणं बाजारात भरपूर फिरलंय आणि नंतर कुणीतरी घासलंयही. आणि रंग मात्र मोरपिसासारखे झगझगीत! मूळची टाकसाळीची चकाकी खाली शिल्लक असेल तर असे रंग खुलतात. झिजलेल्या नाण्यावर ती येणार कुठून? शिवाय निळा पट्टा गालावरून, मानेवरून, अक्षरांवरून सरळ वाहत गेलाय. नैसर्गिक टोनिंग, म्हणजे वर्षानुवर्षांत आपोआप चढलेला रंग, बहुधा अक्षरांच्या कडेशी येऊन बिचकतं, तिथे रंग फिका होतो. इथे ते काहीच नाही. वर विक्रेत्याने लिहिलंय 'जुन्या वाड्यातून निघालेला, जसाच्या तसा'. वाडा खरा असेलही, 'जसाच्या तसा' नाही.

रंगीत नाण्यांचं वेड मूळ अमेरिकेतलं. तिथले मॉर्गन डॉलर, म्हणजे चांदीचे जुने डॉलर, हजार-हजारांच्या कापडी पिशव्यांत सरकारी तिजोरीत पडून होते, कित्येक तर 1960च्या दशकात बाहेर आले. पिशवीच्या कापडाला टेकलेल्या नाण्यावर रंग चढला, शेजारच्या नाण्याने जेवढा भाग झाकला तेवढा पांढरा राहिला. अशा चंद्रकोरीसाठी तिकडे लोक मूळ भावाच्या कितीतरी पट मोजतात, आणि म्हणूनच नकली रंगाचा धंदाही तिथेच फोफावला. पीसीजीएस आणि एनजीसी या नाणी तपासून प्लास्टिकच्या डबीत बंद करून देणाऱ्या कंपन्या असा संशय आला की नाण्याला नेहमीचा दर्जांक देत नाहीत. पीसीजीएसची नोंद तर 'रंग संशयास्पद' एवढीच असते. म्हणजे तज्ज्ञसुद्धा दर वेळी छातीठोक सांगू शकत नाहीत. तू मला जे पटवायला बघतोयस ना, 'ओळखता कुणाला येणार', त्यातलं तेवढं खरं आहे.

पण आपल्याकडचे रुपये तसे पिशवीत झोपलेले नव्हते रे. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाआधी चिंच आणि रांगोळीने घासून लख्ख करायचे, ही आपली रीत. काहींना टाका मारून कडी लावली, माळेत ओवलं. तुझ्या आजीने घासलेल्या रुपयावर इंद्रधनुष्य आलं, तर ज्याला आपली घरं माहीत आहेत तो पहिला प्रश्न विचारेल, 'हा रंग आला कुठून?'

तू लिहितोस, 'मी खोटं एक अक्षर लिहिणार नाही, फक्त फोटो टाकेन.' दिगू, दुकानात गिऱ्हाईक नाणं उजेडात फिरवतं, तोलून बघतं, भिंग लावतं. ऑनलाइन त्याच्याकडे तुझा फोटो आणि तुझे शब्द सोडून काहीही नसतं. अंड्याचा डबा माहीत असून तू गप्प बसलास, तर फोटोच तुझ्या वतीने खोटं बोलणार. 'रंग मी चढवला आहे' असं ठळक लिहून विकणार असशील तर माझी हरकत नाही. पण मग तो भाव येणार नाही, हे तुलाही माहीत आहे. नाहीतर लपवायचा विचार सुचलाच नसता. आणि पुढे कुणी तो पापुद्रा ॲसिडच्या द्रावणात बुडवून काढला, तर पापुद्र्यात अडकलेली चांदी त्याच्याबरोबरच जाते. नाणं दोनदा मार खातं.

मी तुझ्या जागी असतो तर असं लिहिलं असतं: 'व्हिक्टोरिया, एक रुपया, 1862. वजन 11.5 ग्रॅम. घरी पूजेसाठी घासलेलं, दोन्ही बाजूंना ओरखडे. रंग चढवलेला नाही.' कडीवाल्याचा टाका कुठे आहे ते कडेच्या फोटोसकट दाखव. वजन लिहिच, कारण मूळ रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि झीज किती झाली ते त्यावरून आपोआप कळतं. फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी. मोबाइलची रंग वाढवणारी सगळी फिल्टरं बंद.

परदेशातून कुणी मागितलं तर नाही म्हण. शंभर वर्षांवरची नाणी 1972च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात, बाहेर पाठवता येत नाहीत. आणि रिझर्व्ह बँकेच्या नावाने 'आधी कमिशन भरा, मग लाखो देतो' असा फोन आला तर सरळ ठेवून दे. बँकेनेच 2021 साली तसा इशारा दिला होता.

एक काम कर. 1862चे तीन रुपये आहेत म्हणालास, त्यांच्या मागच्या बाजूचे ठिपके मोजून कळव. ते साल न बदलता पुढे बरीच वर्षं पाडले जात होते आणि ठिपक्यांवरून फरक करतात. त्यातला एखादा दुर्मीळ निघाला तर अंड्याची गरजच पडायची नाही. तोवर कशालाही हात लावू नकोस, पितांबरीलाही नाही.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
श्री