अफवा कुणी ठरवायची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं की सोशल मीडियाने नुसता उच्छाद मांडलाय, कुणीही उठतं आणि काहीही फॉरवर्ड करतं, याला एकच इलाज म्हणजे चीनसारखा लगाम, तिकडे बघा कशी शिस्त आहे, अफवा पसरवली की दुसऱ्या दिवशी पोलीस दारात. पत्र वाचून दोन दिवस गप्प बसले, पण राहवेना. मी रिटायर्ड शिक्षिका, राजकारणातलं मला फार कळत नाही, पण चीनचं थोडं कळतं, कारण माझा मुलगा तिकडे एमबीबीएसला होता, तेही हुबेई प्रांतात, म्हणजे ज्या प्रांतात वुहान आहे त्याच प्रांतात. इथे खाजगी कॉलेजची फी परवडत नव्हती म्हणून पाठवला, आमच्यासारखी कितीतरी घरं आहेत महाराष्ट्रात. (परत आल्यावर ती एफएमजीई, म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना इथे द्यावी लागते ती परीक्षा, पण दुसऱ्या अटेम्प्टला पास झाला, विचारणारे विचारतातच म्हणून आधीच सांगते.)

आधी त्या गृहस्थांचं जे बरोबर आहे ते मान्य करते. अफवेने माणसं मरतात. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं, ते भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते आणि त्यातले बहुतेक आमच्याच सोलापूर जिल्ह्यातले, मंगळवेढ्याकडचे. तेव्हा व्हॉट्सॲपवरचं खोटं काय करू शकतं हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

पण मग चीनमध्ये 'अफवा' म्हणून काय पकडलं गेलं तेही बघा ना.

३० डिसेंबर २०१९. वुहान सेंट्रल हॉस्पिटलमधले डोळ्यांचे डॉक्टर ली वेनलियांग यांनी आपल्या मेडिकल कॉलेजच्या जुन्या मित्रांच्या वीचॅट ग्रुपवर (वीचॅट म्हणजे तिकडचं व्हॉट्सॲप) लिहिलं की मासळी बाजारातून आलेल्या सात पेशंटना सार्ससारखं, म्हणजे २००३ च्या साथीत झालेल्या फुफ्फुसाच्या आजारासारखं, काहीतरी झालंय, घरच्यांना जपायला सांगा. झालं एवढंच. बाहेर पसरवू नका असंही म्हणाले होते, पण स्क्रीनशॉट कुणाच्या हातात राहतो का. १ जानेवारीला सरकारी टीव्हीवर बातमी आली की अफवा पसरवणाऱ्या आठ जणांवर कारवाई झाली, आणि ३ जानेवारीला ली यांना पोलीस चौकीत बोलवून एका कागदावर सही घेतली. त्या कागदाचा फोटो त्यांनीच नंतर आजारी असताना टाकला, म्हणून जगाला कळलं. तुम्ही खोटं बोललात, समाजाची घडी गंभीरपणे विस्कटलीत, असं त्यात लिहिलंय आणि खाली दोन प्रश्न आहेत. हे बंद करणं तुम्हाला जमेल का? त्यावर उत्तर, जमेल. नाही केलं तर कायद्याने शिक्षा होईल हे समजलं का? समजलं. आणि वर लाल शाईत अंगठ्याचे ठसे. मी चाळीस वर्षं शाळेत काढली, मस्ती करणाऱ्या पोरांकडून माफीपत्रं लिहून घेतली, पण ही भाषा मी चौथीच्या पोराला पण वापरली नसती.

सही करून डॉक्टर परत कामावर गेले. काचबिंदूच्या एका पेशंटकडून त्यांना त्याच आजाराची, म्हणजे कोरोनाची, लागण झाली आणि १२ जानेवारीला ते स्वतःच ॲडमिट झाले.

आता या तारखा मी का घोकून ठेवल्यात ते सांगते. माझा मुलगा त्याच आठवड्यात हिवाळ्याच्या सुट्टीला घरी आला, वुहानवरूनच, तिथल्या गर्दीतून. कॉलेजने काही सांगितलं नव्हतं, कारण कॉलेजलाच कुणी काही सांगितलं नव्हतं. सोलापुरात तेव्हा गड्डा यात्रा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, होम मैदानावर पाय ठेवायला जागा नसते. आमचं पोरगं त्या गर्दीत मित्रांबरोबर रोज संध्याकाळी, पाळण्यात बसलं, भजी खाल्ली, आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलं. आजीचं वय तेव्हा ८१. हा विषाणू माणसाकडून माणसाला होतो हे तिकडच्या तज्ज्ञांनी टीव्हीवर उघडपणे सांगितलं २० जानेवारीला. त्याच्या दोनच दिवस आधी वुहानच्या एका वस्तीत चाळीस हजारांवर कुटुंबांची सामूहिक मेजवानी झाली होती, आणि २३ जानेवारीला अख्खं शहर बंद. मग आमच्याकडे आरोग्य खात्याची माणसं आली, पोरगं वरच्या खोलीत, जेवणाचं ताट दारात, शेजारचे आमच्या बाजूची खिडकी उघडेनात. देवाच्या कृपेने त्याला काही झालेलं नव्हतं, आजीला पण नाही. पण ते निव्वळ नशीब हो, त्यात शिस्तीचा काय संबंध? वुहानमधल्या आठ जणांचं तोंड बंद केलं तर त्याची झळ सोलापूरच्या गड्ड्यापर्यंत येऊ शकते, आणि या गृहस्थांना तोच लगाम इकडे आणायचाय.

६ फेब्रुवारीच्या रात्री ली गेल्याची बातमी आली, मग ती मागे घेतली, प्रयत्न चालू आहेत म्हणाले, मग पहाटे जाहीर केलं. वय फक्त तिशीतलं, बायको गरोदर. मुलगा रात्रभर फोन घेऊन बसला होता आणि त्याला जेवढं वाचता येत होतं तेवढं मला वाचून दाखवत होता. 'मला बोलण्याचं स्वातंत्र्य हवं' असा हॅशटॅग वीबोवर, म्हणजे तिकडच्या ट्विटरवर, वर वर जात होता, लाखो लोक बघत होते, आणि सकाळी उठून बघतो तर गायब. तो म्हणाला, आई, पुसलं. मी म्हटलं एवढं सगळं एका रात्रीत पुसायला माणसं किती लागत असतील? तर म्हणे माणसं आहेतच, सरकारची वेगळी आणि कंपन्यांची वेगळी.

हे कंपन्यांचं प्रकरण आपल्या लोकांना नीट माहीत नाही. आपल्याला वाटतं की सरकारी बाबू बसून पोस्ट उडवतो. तसं नाही. तिकडे लोकांनी काय लिहिलं याची जबाबदारी कायद्याने ॲप चालवणाऱ्या कंपनीवर आहे, त्यामुळे कंपनीच घाबरून सांगितलं त्यापेक्षा चार गोष्टी जास्त उडवते. टोरोंटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबने तपासलं तेव्हा १ जानेवारी ते १५ फेब्रुवारी २०२० या दीड महिन्यात वीचॅटवर या आजाराबद्दलच्या ५१६ शब्दजोड्या अडवलेल्या सापडल्या. आणि अडवलं की तुम्हाला कळत पण नाही, मेसेज गेला असं तुम्हाला वाटतं, समोरच्याला मिळतच नाही. शब्दांची यादी कुठेही लावलेली नाही, त्यामुळे माणूस अंदाजाने बोलतो, आणि अंदाजाने बोलणारा माणूस गप्पच बसतो शेवटी. त्यात २०१३ पासून नियम असा की खोटी ठरवलेली बदनामीकारक पोस्ट ५०० वेळा शेअर झाली किंवा ५००० लोकांनी बघितली तर तीन वर्षांपर्यंत जेल होऊ शकते. म्हणजे तुम्ही लिहिलेलं लोकांना आवडलं हाच गुन्हा वाढवणारा मुद्दा!

आमच्या घरातलंच सांगते, मुलगा तिकडे असताना मी फोनवर काही विचारलं की तो म्हणायचा आई जेवलीस का. सुरुवातीला मला राग यायचा. मग कळलं की तो विषय बदलतोय. त्याला कुणी धमकी दिली नव्हती, नोटीस नाही, काही नाही, आजूबाजूचे सगळे जसे वागतात तसं तो वागायला लागला होता. सोलापुरात आल्यावरसुद्धा पाच-सहा महिने फोनवर बोलताना आवाज खाली करायचा, शेवटी त्याचे बाबा म्हणाले अरे इथे कोण ऐकतंय तुला, इथे तर रिक्षावाला पण पंतप्रधानांना सल्ला देतो.

पण लोक शेवटी लोक असतात. 'सुसंवादी समाज' ही तिकडची सरकारी घोषणा आणि 'नदीतला खेकडा' हे शब्द चिनी भाषेत ऐकायला जवळपास सारखे, म्हणून पोस्ट उडवली की पोरं म्हणतात माझ्यावर खेकडा सोडला. (आपल्याकडे खेकडे पाय ओढतात, तिकडचे जीभ ओढतात.) मार्च २०२० मध्ये वुहानच्या त्याच हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागाच्या प्रमुख डॉ. आय फेन यांची मुलाखत एका मासिकाने छापली. ली यांच्यापर्यंत पेशंटचा जो रिपोर्ट फिरत आला त्यावर 'सार्स' या शब्दाला लाल गोल यांनीच केला होता आणि त्याबद्दल वरिष्ठांनी त्यांना झापलं होतं. मुलाखत लगेच उडवली. मग लोकांनी काय करावं? उलट्या क्रमाने टाईप करून टाकली, इमोजीत टाकली, मोर्स कोडमध्ये टाकली, तीन हजार वर्षांपूर्वी हाडांवर कोरायचे त्या लिपीत टाकली, म्हणजे आपल्याकडे बंदी घातलेली बातमी कुणी मोडीत लिहावी तसं. मशीनला वाचता येऊ नये आणि माणसाला यावं एवढ्यासाठी ही सगळी मेहनत, का तर एक डॉक्टर काय म्हणाली ते वाचता यावं.

आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चीनच्या वायव्येकडच्या उरुमची शहरात लॉकडाऊनमधल्या एका बिल्डिंगला आग लागून सरकारी आकड्याप्रमाणे दहा जण गेले तेव्हा तर शांघाय, बीजिंगमध्ये पोरं कोरा कागद हातात धरून उभी राहिली. कोऱ्या कागदावर कुठला शब्द अडवणार?

ते गृहस्थ म्हणतील की बाई, तो एक अपवाद झाला, चूक सगळ्यांकडून होते. नाही हो. २००३ च्या सार्सला पण हेच झालं होतं, बीजिंगमध्ये पेशंटचे खरे आकडे लपवलेत हे तेव्हाही एका म्हाताऱ्या मिलिटरी सर्जननेच, जियांग यानयोंग यांनी, पत्र लिहून बाहेर काढलं आणि मग आरोग्यमंत्री घरी गेले. सतरा वर्षांनी परत तेच आणि परत एक डॉक्टरच. ली यांच्यावरचा तो ठपका सरकारने मार्च २०२० मध्ये मागे घेतला, एप्रिलमध्ये त्यांना हुतात्मा पण केलं. मेलेल्याला हार घालायला काय जातंय. जिवंत आहेत त्यांचं बघा, झांग झान नावाची माजी वकील बाई वुहानला जाऊन मोबाईलवर व्हिडिओ काढून टाकत होती, तिला 'भांडणं उकरून काढते' म्हणून चार वर्षं जेल, मे २०२४ ला सुटली आणि तीन महिन्यांत परत आत.

आपल्याकडे सगळं छान चाललंय असंही मी म्हणत नाही. २०१२ साली फेसबुकवरच्या एका साध्या पोस्टसाठी पालघरच्या दोन मुलींना पोलिसांनी उचललं होतं, त्यानंतर आयटी कायद्यातलं ते ६६ए कलम, ज्याखाली असल्या पोस्टसाठी अटक व्हायची, सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०१५ ला रद्द झालं. २०२३ ला केंद्राने नियम आणला की सरकारच्या कामाबद्दल इंटरनेटवर काय खोटं आहे ते सरकारचंच फॅक्ट चेक युनिट ठरवणार, तो मुंबई हायकोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला. फरक एवढाच की इथे कोर्टात जायला दार तरी होतं. तेही बंद करा असं त्या पत्राचं म्हणणं दिसतंय. राईनपाड्याच्या वेळी त्या पाच जणांना वाचवायला वेळेवर पोहोचलेली पोलिसांची गाडी हवी होती, खरं काय ते ओरडून सांगणारं आणि लोकांचा ज्याच्यावर विश्वास आहे असं कुणीतरी हवं होतं. तोंडं बंद करून ते मिळालं असतं का हे त्यांनीच सांगावं.

आम्ही सोलापूरकर, डॉ. कोटणीसांच्या गावचे. १९३८ साली ते चीनला गेले, तिथल्या जखमींची सेवा करता करता १९४२ ला तिथेच गेले, तेही तिशीतच. चिनी माणसांबद्दल आमच्या मनात कधीच वाईट नव्हतं, आणि मुलगा तर सांगतो की त्याच्या वॉर्डातल्या चिनी नर्सने त्याला आईसारखं जपलं. ली यांच्या शेवटच्या पोस्टखाली, ज्यात त्यांनी रिपोर्ट पॉझिटिव्ह आल्याचं लिहिलं होतं, लोक नंतर कितीतरी वर्षं कमेंट टाकत राहिले, लाखांनी. राजकारण नाही, काही नाही. डॉक्टर, आज नोकरी गेली. डॉक्टर, परीक्षा पास झालो. शुभ रात्री डॉक्टर.

पत्र लांबलं, काटछाट करायची तर करा, फक्त त्या कागदावरच्या दोन प्रश्नांचा भाग तेवढा ठेवा. आणि ते पत्रलेखक सोलापूरचेच असतील तर त्यांना माझ्याकडून चहाचं आमंत्रण द्या, रविवारी मुलाला सुट्टी असते, त्या कागदाचा फोटो अजून त्याच्या मोबाईलमध्ये आहे, तो त्यांना ओळ न् ओळ मराठीत वाचून दाखवेल.

आपली नम्र,
एका डॉक्टरची आई, सोलापूर