नाव न घेता थँक्यू

बऱ्याच गॅपनंतर राजकारणावर परत लिहायला बसलोय आणि सुरुवात कुठल्या नेत्यापासून नाही, आभारांपासून, कारण ज्यांनी मदत केली ते सगळे "नाव नको टाकू बाबा" वाले आहेत.

मधे काय काय झालं नाशकात! महापालिकेची मुदत मार्च 2022 ला संपली, निवडणूक थेट जानेवारी 2026 ला, तोवर प्रशासक, म्हणजे नळाला पाणी नाही तर भांडायचं कुणाशी? सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, ज्यांनी मला जुन्या पेपरच्या फायली काढून दिल्या त्या ताई, बंद करायची वेळ झाली तरी "बसा हो, आवरतेय मी" म्हणाल्या, थँक्यू.

लासलगावच्या काकांचं तर काय सांगू. डिसेंबर 2023 ची कांदा निर्यातबंदी, मे 2024 ला उठली पण 40 टक्के शुल्क ठेवून, मग 20, मग एप्रिल 2025 ला शून्य, हे सगळं त्यांनी हिशोबपट्टीच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने मांडून दाखवलं, प्रत्येक तारखेसमोर त्यांच्या ट्रॅक्टरला मिळालेला भाव. असं कुठला प्रवक्ता समजावतो? वर दम, सरकारला झोडशील तसं व्यापाऱ्यांनाही झोड.

आणि तो एक कार्यकर्ता, माझं एकही मत त्याला पटत नाही, तरी तपोवनातली झाडं तोडायच्या नोटिसीचे फोटो त्यानेच पाठवले. चहा माझ्याकडून, भांडण चालूच राहील.

पुढचं कुंभमेळ्याच्या कामांवर लिहितोय, कुणाकडे कागद असतील तर कळवा.