बोट ठेवून दाखवा म्हणालात म्हणून

आदरणीय डॉक्टर मॅडम,

तुमच्यासमोर रोज इतके पेशंट येतात की मी लक्षात असेन असं नाही. मला मात्र तुमचं एक वाक्य विसरता येत नाही. "नेमकं कुठे दुखतं, एक बोट ठेवून दाखवा."

त्याआधी हे कुणी विचारलंच नव्हतं. मान दुखते म्हणजे मणकेच, असं धरून एक्स-रे काढला, पट्टा बांधला. गिळताना कळ येते म्हटल्यावर घशाच्या गोळ्या दिल्या. शेवटी एका डॉक्टरांनी वर न बघताच सांगून टाकलं, "टेन्शन फार घेता." जबड्याखाली जिथे नाडी लागते, तिथे नुसती कॉलर घासली तरी कानापर्यंत ठणका जायचा. मला टेन्शन नव्हतं हो, दुखत होतं! त्या उत्तराचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही माझ्या बोटाला लागूनच सोनोग्राफीचा प्रोब टेकवलात आणि मग म्हणालात, "आता काढा." जिथे मी दाखवलं, तिथेच बघितलंत. मग स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलंत: मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मानेतल्या कॅरोटिड धमनीला जिथे फाटा फुटतो, तिथे तिची भिंत एका अंगाने सुजून जाड झाली होती. दुसऱ्या बाजूची धमनीही दाखवलीत, म्हणजे फरक मलाही कळला. बाहेर रांग होती, तरी तुम्ही घाई केली नाहीत. माणसाचं म्हणणं खरं धरून तपासायला सुरुवात करणं, एवढा चांगुलपणा दवाखान्यात मिळाला की निम्मी भीती तिथेच जाते.

एमआरआयचा आग्रहही तुमचाच. धमनीचं आतलं अस्तर फाटलं तरी मान अशीच दुखू शकते आणि त्यातून पक्षाघाताचा धोका असतो, म्हणून ती शंका फिटेपर्यंत तुम्ही खोटा धीर दिला नाहीत. अस्तर शाबूत होतं, सूज धमनीभोवती होती. टेम्पल फे या अमेरिकी मेंदूशल्यतज्ज्ञांनी १९२७ मध्ये वर्णन केलेलं हे दुखणं २००४ मध्ये डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातून वगळलं गेलं. २०१७ मध्ये स्कॅनवर दिसणाऱ्या याच सुजेच्या आधारे त्याला 'टिपिक सिंड्रोम', म्हणजे कॅरोटिड धमनीभोवतीची तात्पुरती सूज, हे नाव सुचवलं गेलं. हे वाचलं तेव्हा वाटलं, वगळलं गेलेलं दुखणं घेऊनच मी दारोदार फिरत होते.

सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी ठणका थांबला. फेरतपासणीत भिंतही पातळ झालेली दिसली. 'टेन्शन' म्हणणाऱ्या डॉक्टरांना तुमच्या रिपोर्टची प्रत मी मुद्दाम पाठवली आहे. पुढच्या पेशंटला ते बोट ठेवायला सांगोत.

मनापासून आभार, मॅडम.

तुमची एक पेशंट