दूध बंद, मग फॅट कुठून?

प्रिय सुधीर,

तुझं पत्र मिळालं. दूध, दही, लोणी, चीज सगळं एका दमात बंद केलंस आणि आता रोज सकाळी वजनकाट्यावर उभा राहतोस, हे वाचून आधी हसू आलं, मग काळजी वाटली. नाश्ता करून उठलास की थोड्याच वेळात पुन्हा भूक लागते आणि दुधातली स्निग्धता गेल्यामुळे अंगातली ताकदच गेली, असं तुझं म्हणणं. भूक खरी आहे, ताकदीचं मात्र मला पटत नाही.

असं बघ, मोठ्या ग्लासभर गायीच्या सायीच्या दुधात फॅट असतं साधारण ८ ग्रॅम, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त संपृक्त. म्हणजे एरवी डॉक्टर ज्याला आवर घाला म्हणतात, नेमकं तेच. मूठभर अक्रोड घेतलेस, ३० ग्रॅमच्या आसपास, तर त्यात १८-१९ ग्रॅम फॅट निघतं आणि बहुतेक सगळं असंपृक्त. दुधातलं फॅट भरून काढणं हे सगळ्यात सोपं काम आहे, तू उगाच त्याच्यावरच अडून बसला आहेस.

शरीराला बाहेरून घ्यावीच लागतात अशी स्निग्धाम्लं मुळात दोनच: लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक. फॅट अजिबात नसलेला आहार दिला की उंदीर आजारी पडतात, हे जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या जोडप्याने १९२९ साली दाखवलं, आणि तिथून हा शोध सुरू झाला. पहिलं स्निग्धाम्ल तेल-बियांमधून आपोआप मिळतं, त्याची फिकीर नको. दुसरं म्हणजे वनस्पतींमधलं ओमेगा-३, ते मात्र आठवणीने घ्यावं लागतं. दुधातही ते फारसं नव्हतंच, त्यामुळे दूध सोडून ते हरवलं असंही नाही.

यासाठी जवसासारखं स्वस्त आणि मस्त काही नाही. पण अख्खं खाऊ नकोस. त्याचं टरफल इतकं चिवट असतं की पुष्कळसे दाणे जसेच्या तसे बाहेर पडतात. मिक्सरमध्ये थोडेसेच फिरव, हाताला किंचित तेलकट लागेल अशी भुकटी होते. ती झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेव आणि लवकर संपव. एक मोठा चमचा भुकटीत दीड ग्रॅमच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक असतं. पुरुषाला दिवसाकाठी १.६ ग्रॅम पुरेसं धरतात, स्त्रीला १.१. म्हणजे एका चमच्यातच काम जवळपास झालं. जवसाचं तेल आणलंस तर तापवू नकोस, वरून घे. अक्रोड घेताना आधी वास घेऊन बघ. जुन्या रंगासारखा वास आला तर खवट झालेत, सरळ टाकून दे.

एक खाच मात्र आहे. वनस्पतींतल्या या ओमेगा-३पासून मेंदूला लागणारं डीएचए नावाचं दुसरं ओमेगा-३ शरीर बनवतं, पण अगदी थोडं. मासे खात असशील तर प्रश्नच मिटला. नसशील तर शेवाळापासून काढलेल्या तेलाच्या गोळ्या मिळतात, त्याबद्दल डॉक्टरांना विचार.

आता तुझी भूक. दुधाऐवजी तू बदामाचं दूध म्हणून जे पाकीट आणतोस त्याची मागची बाजू वाच. बऱ्याच पाकिटांत बदाम नावालाच असतात, कपाला दोन-तीन ग्रॅम फॅट आणि एखादा ग्रॅम प्रोटीन. बाकी पाणी. त्याच्याबरोबर कोरडा टोस्ट आणि एक फळ, असा तुझा नाश्ता! पोट लवकर रिकामं होणारच, कारण पोट सावकाश रिकामं व्हायला फॅटचीही मदत लागते. टोस्टला शेंगदाण्याचं किंवा तिळाचं बटर जाडसर लाव, नाहीतर त्या बदामाच्या पाण्याऐवजी खरे बदाम खा. सॅलडवरही तेल घाल रे. गाजर-पालेभाजीतलं, अ जीवनसत्त्व ज्यापासून बनतं ते द्रव्य आणि ई, के ही जीवनसत्त्वं फॅटशिवाय नीट शोषली जात नाहीत. कोरडं सॅलड खाऊन शहाणपणा केल्याचं समाधान तेवढं मिळतं.

लोण्याच्या जागी खोबरेल तेल भरपूर वापरायचा तुझा बेत मला मुळीच आवडला नाही. ते वनस्पतीचं असलं तरी त्यातलं ८० टक्क्यांहून जास्त फॅट संपृक्त असतं, लोण्यापेक्षाही जास्त. चवीपुरतं ठीक. रोजच्या स्वयंपाकाला मोहरी, सोयाबीन, शेंगदाणा, ऑलिव्ह यांपैकी काहीही चालेल, पहिल्या दोघांत ओमेगा-३ही थोडं असतं. सूर्यफुलाच्या तेलात ते जवळपास नसतंच. आणि ओतताना चमचा वापर: एका मोठ्या चमच्यात १४ ग्रॅम तेल, १२० कॅलरी. बाटलीतून थेट धार धरणाऱ्याचं वजन कमी होत नसतं, उलट वाढतं.

काळजी करायचीच असेल तर कॅल्शियम, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि आयोडीनची कर. दुधाबरोबर खरं गेलं ते हे. पाकिटातलं दूध घेणारच असशील तर कॅल्शियम घातलेलं, साखर न घातलेलं सोयाचं घे, त्यात प्रोटीनही बऱ्यापैकी असतं. आधी पाकीट नीट हलव, कॅल्शियम तळाशी बसतं.

आणि एक गोष्ट तू पत्रात लिहिलीच नाहीस: डॉक्टरांनी नक्की काय सांगितलं? लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचत नाही, की दुधातल्या प्रोटीनची अॅलर्जी आहे? लॅक्टोजचाच त्रास असेल तर चमचाभर तूप बहुतेकांना चालतं, त्यात लॅक्टोज नावापुरतंच उरतं. अॅलर्जी असेल तर तुपातला प्रोटीनचा अंशही नको, आणि बिस्किटं-सॉसच्या वेष्टनांवर केसीन, व्हे ही दुधातल्या प्रोटीनची नावं शोधत बसावं लागेल. उत्तर आलं की पुढचं बोलू. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
विनय