आपल्याच माणसांसमोर बोलायला शिकवताना: लेकीला पत्र

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

धर्मगुरू, विश्वस्त आणि समाजातले पुढारी यांना धर्मस्वातंत्र्य, सलोखा आणि अल्पसंख्याकांचं संरक्षण या विषयांचं प्रशिक्षण देण्याचं काम तू हाती घेतलंस, याचा मनापासून आनंद झाला. तुझा कच्चा आराखडा वाचला. विषय सगळे आलेत, क्रमही बरा आहे. पण सगळं काम ज्या गोष्टीवर उभं राहतं, तीच त्यात कुठे दिसली नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दुसऱ्या धर्माच्या माणसाशेजारी व्यासपीठावर बसून गोड बोलणं बहुतेक पुढाऱ्यांना आधीच जमत असतं. त्यासाठी शिबिर लागत नाही. अवघड असतं ते आपल्याच संतापलेल्या माणसांसमोर उभं राहून, तिथे हजर नसलेल्यांच्या बाजूने बोलणं. जमाव जमला की बाहेरच्याचं कोणी ऐकत नाही. ऐकलंच तर आपल्यातल्याचं ऐकतात. तेव्हा प्रत्येक सत्र आखताना स्वतःला विचार, यातून हा माणूस स्वतःच्या लोकांसमोर बोलायला तयार होतो का? उत्तर ‘नाही’ आलं तर ते सत्र छोटं कर किंवा काढून टाक.

नायजेरियातल्या कदुना शहराचं उदाहरण सहभागींना जरूर सांग. तिथले इमाम मुहम्मद अशाफा आणि पाद्री जेम्स वुये हे एकेकाळी एकमेकांविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र गटांत होते. १९९५ पासून दोघे मिळून मध्यस्थीचं काम करू लागले. ऑगस्ट २००२ मध्ये तिथल्या ख्रिस्ती आणि मुस्लिम धर्मगुरूंनी शांततेच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. तरीही त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विश्वसुंदरी स्पर्धेच्या निमित्ताने कदुनात दंगल पेटली आणि दोनशेहून जास्त माणसं मेली. याचा अर्थ जाहीरनामा निरुपयोगी होता असा नाही. पण सही वरच्या माणसाची असते आणि दगड खालच्या गल्लीतून येतो. मधली साखळी बांधलेली नसेल, तर सहीचा निरोप गल्लीपर्यंत पोचत नाही.

म्हणून निवड करताना सर्वोच्च पदावरची माणसं गोळा करू नकोस. त्यांची लेखी संमती घे, म्हणजे पुढे ‘आम्हाला विचारलं नाही’ अशी अडवणूक होत नाही. शिबिरात मात्र दुसऱ्या फळीतली माणसं बोलाव: साप्ताहिक प्रवचन करणारे, मिरवणुकीचं नियोजन करणारे, महिला मंडळ चालवणाऱ्या, तरुणांचे मोबाइल ग्रुप सांभाळणारे. एका गटात चोवीसच्या वर माणसं नकोत, नाहीतर सरावाला प्रत्येकाची पाळी येत नाही. अल्पसंख्य गटातलं माणूस एकटं कधीच बसवू नकोस. एकटा माणूस आपल्या साऱ्या समाजाचा वकील होऊन बसतो आणि मनातलं बोलत नाही. निदान एक तृतीयांश जागा त्यांना दे, आणि तितक्याच बायकांना. आणखी दोन प्रकारची माणसं नेहमी राहून जातात: कोणताच धर्म न मानणारी, आणि एखाद्या अल्पसंख्य समाजाच्या आतली आणखी छोटी शाखा. तिला बाहेरचे त्रास देतात आणि घरचेही.

भारतातल्या सहा शहरांचा दंगलींच्या अंगाने तौलनिक अभ्यास झाला आहे. त्यात दिसलं ते असं की, शेजारपाजारची रोजची ये-जा छोट्या कुरबुरी शमवते, पण मोठ्या ताणाखाली ती टिकत नाही. व्यापारी संघ, कामगार संघटना, व्यावसायिकांच्या संस्था अशा ठिकाणी दोन्ही समाजांची माणसं एकत्र काम करत असली, तर ती वीण जास्त पक्की राहते. म्हणून धर्मगुरूंच्या बरोबरीने अशा मिश्र संस्थांचे पदाधिकारीही यादीत हवेत.

शिबिराआधी दोन-तीन आठवडे फक्त ऐकायला ठेव. प्रार्थनास्थळं कुठे आहेत, मिरवणुकांचे मार्ग कुठे एकमेकांना छेदतात, दफन-दहनाच्या जागेवरून काय वाद आहेत, मागच्या भांडणांच्या तारखा, आणि अफवा आली की कोण कोणाला फोन करतो. या शेवटच्या माहितीचा सर्वांत जास्त उपयोग होतो. नकाशा जागांचा आणि मार्गांचा कर. माणसांच्या धर्माची यादी करू नकोस. दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्समधल्या नागरी नोंदवह्यांत प्रत्येकाचा धर्म लिहिलेला होता आणि ज्यूंना शोधून काढायला त्याच नोंदी वापरल्या गेल्या. मार्च १९४३ मध्ये प्रतिकार चळवळीच्या लोकांनी ॲम्स्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयावर हल्ला केला तो ती कागदपत्रं नष्ट करण्यासाठी. चांगल्या हेतूने केलेली यादी उद्या कोणाच्या हाती जाईल यावर आपला ताबा नसतो. धर्म बदललेल्यांची, मिश्र विवाह केलेल्यांची नावं तर वहीत अजिबात नकोत. फोटोचंही तसंच. प्रत्येकाला वेगळं, एकट्यात विचार. गटासमोर विचारलंस तर नाही म्हणायला संकोच वाटतो.

जागा कोणत्याही एका धर्माची नसावी. प्रार्थनेच्या वेळा, उपास आणि खाण्याचे नियम आधी विचारून वेळापत्रक कर.

आता कायद्याविषयी. तू दोन तासांचं व्याख्यान ठेवलं आहेस. ते काढून टाक. वीस मिनिटांत मूळ चौकट सांग आणि उरलेला वेळ प्रसंग लिहिलेल्या कार्डांना दे. चौकट अशी. संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं आणि १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं, अशी दोन्हीकडची अठरावी कलमं धर्मस्वातंत्र्याची आहेत. मनातली श्रद्धा, ती बदलणं आणि श्रद्धा नसणं यांवर कोणतंही बंधन घालता येत नाही. करारानुसार आणीबाणीतही हे कलम स्थगित करता येत नाही. श्रद्धा बाहेर प्रकट करणं, म्हणजे मिरवणूक, प्रचार, भोंगा, बांधकाम, यांवर बंधन घालता येतं. पण ते कायद्याने घातलेलं हवं, गरजेपुरतंच हवं, आणि कारण सार्वजनिक सुरक्षितता, सुव्यवस्था, आरोग्य, नीतिमत्ता किंवा इतरांचे मूलभूत हक्क यांपैकी हवं. राष्ट्रीय सुरक्षा हे कारण त्या यादीत नाही, आणि बहुसंख्यांच्या भावना दुखावतात हेही नाही. इथे खोलीत कुजबुज सुरू होते. होऊ दे. त्याच करारातलं सत्ताविसावं कलम अल्पसंख्याकांना आपली संस्कृती, धर्म आणि भाषा आपल्या गटासोबत जपण्याचा हक्क देतं. अल्पसंख्याकांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा १९९२ चा जाहीरनामा एक पाऊल पुढे जाऊन राज्याने त्यांचं अस्तित्व आणि ओळख यांचं रक्षण करावं असं सांगतो. संरक्षण हे बहुसंख्यांचं औदार्य नव्हे, हे या कलमांतूनच दाखवायचं. प्रवचन करून ते पटत नाही.

मग बारा कार्डं दे, प्रत्येकावर एक प्रसंग. एका घरात रविवारी पंधरा जण प्रार्थनेला जमतात आणि शेजारी तक्रार करतात. मुलगी धर्म बदलते आणि कुटुंब तिला कोंडून ठेवतं. शाळेत सर्वांना एकच प्रार्थना सक्तीची आहे. चार-चारच्या गटांनी प्रत्येक कार्ड तीन ढिगांत टाकायचं: बंधन चालणारच नाही, चालेल पण अटींवर, आणि हा गुन्हा आहे. नंतर गावं आणि धर्म उलटे करून तीच कार्डं पुन्हा वाट. ज्यांचं उत्तर बदलतं, त्यांना ते स्वतःलाच दिसतं. त्यावर तू काही बोलू नकोस.

पहिल्या दिवशी दोन चुका हमखास होतात. कोणीतरी ‘सगळे धर्म एकच सांगतात’ असं म्हणून विषय गुंडाळतो. खऱ्या श्रद्धावानाला हे पटत नाही आणि त्याला अपमानही वाटतो. मतभेद खरे आहेत, ते असूनही हक्क सारखे आहेत, एवढंच आपल्याला म्हणायचं आहे. दुसरी चूक अशी की, अल्पसंख्य सहभागींना उभं करून ‘तुमचे अनुभव सांगा’ म्हटलं जातं. इतरांच्या शिक्षणासाठी त्यांनी जखमा उघड्या करायच्या, हे मला मुळीच मान्य नाही. स्वतःहून कोणी बोललं तर ऐकायचं. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलं होतं की, नुसत्या भेटीने पूर्वग्रह जात नाहीत. दोन्ही गटांचा दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, सहकार्य हवं आणि अधिकारी मंडळींचा पाठिंबा हवा. एकाने रडायचं आणि दुसऱ्याने सहानुभूती दाखवायची, यात समान दर्जा उरत नाही.

दुसरा दिवस भाषेचा आणि अफवांचा. ‘हे द्वेषपूर्ण आहे’ आणि ‘हे मला आवडलं नाही’ यांतला फरक पुढाऱ्यांना करता आला पाहिजे. त्यासाठी द्वेषाच्या चिथावणीविषयी संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने झालेल्या २०१२ च्या रबात कृती आराखड्यातली सहा अंगांची कसोटी वापर: संदर्भ काय, बोलणारा कोण, हेतू काय, मजकूर आणि त्याचं स्वरूप काय, तो किती दूर पोचला, आणि त्यातून हानी घडण्याची शक्यता किती व किती जवळची. सहाही अंगांना ते बोलणं उतरलं तरच फौजदारी कारवाईची भाषा करायची. या कसोटीविना बाहेर पडलेला पुढारी धर्मावरच्या प्रत्येक टीकेची तक्रार करत सुटतो, आणि त्याचा पहिला फटका अल्पसंख्याकांना आणि नास्तिकांना बसतो. मानवी हक्कांचा कायदा माणसांचं रक्षण करतो. मतांना टीकेपासून अभय देत नाही.

अफवेचा सराव घड्याळ लावून घे. रात्री नऊला प्रार्थनास्थळाची विटंबना झाल्याचा संदेश आला आहे, तीस मिनिटं. पहिली पाच मिनिटं संदेश पुढे पाठवायचा नाही आणि त्यावर मतही द्यायचं नाही. मग समोरच्या समाजातल्या आपल्या जोडीदाराला, म्हणजे शिबिरात जोडी लावून दिलेल्या सहभागीला फोन, मग जागेवर असलेल्या दोन वेगळ्या माणसांना, मग पोलिसांना. वीस मिनिटांनी ग्रुपवर चार ओळी: काय कळलं, काय अजून कळलेलं नाही, कोण जाऊन बघतंय, पुढची बातमी किती वाजता. खुलाशाची सुरुवात खऱ्या माहितीने करायची. अफवा शीर्षकात लिहून तिच्यापुढे ‘खोटं आहे’ जोडलं, तर लोकांच्या लक्षात अफवाच राहते. हा सराव बहुधा दोन ठिकाणी अडकतो. जोडीदार फोन उचलत नाही, म्हणून प्रत्येकाला दोन जोडीदार हवेत. आणि घटना खरी निघाली तर काय बोलायचं हे कोणी ठरवलेलं नसतं. खरी निघाली तर ती मान्य करायची, करणाऱ्याला व्यक्ती म्हणून जबाबदार धरायचं, त्याच्या साऱ्या समाजाला नाही.

तिसरा दिवस पूर्ण सरावाला. प्रत्येकाने तीन मिनिटं आपल्याच समाजासमोर बोलायचं. ऐकणारे त्याच्याच धर्माचे सहभागी, आणि त्यांना काम एकच, अडवायचं. ‘ते आपल्यासाठी कधी उभे राहिले?’ ‘तुला किती पैसे मिळाले?’ ‘आधी आपल्या मुलांचं बघ.’ बोलणाऱ्याने आधार आपल्याच धर्मग्रंथांतून आणि परंपरेतून घ्यायचा; आंतरराष्ट्रीय कराराची कलमं इथे कामाची नाहीत. धर्मगुरूंना स्वतःची भाषा सापडायला श्रद्धा आणि मानवी हक्क यांची सांगड घालणाऱ्या २०१७ च्या बैरूत जाहीरनाम्यातल्या अठरा बांधिलक्यांचा चांगला उपयोग होतो. पहिल्या फेरीत बहुतेक जण माफी मागितल्यासारखं बोलतात किंवा रागावतात. दुसरी फेरी होऊ दिलीच पाहिजे, खरी सुधारणा तिथे होते. या सत्राचं चित्रीकरण मुळीच नको. कापलेली दहा सेकंदंसुद्धा एखाद्याला घर सोडायला लावू शकतात.

धोका खरा आहे, तो लपवू नकोस. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात २०१३ मध्ये हिंसाचार भडकला, तेव्हा राजधानी बांगीचे आर्चबिशप दियुदोने न्झापालेंगा यांनी इमाम ओमार कोबीन लायामा यांना आपल्याकडे आश्रय दिला. पाद्री निकोला गेरेकोयामे यांच्यासह तिघे मिळून शांततेसाठी फिरले. अशा वेळी माणसाला राहायला जागा, प्रवासाचे पैसे आणि खात्रीचे दोन फोन लागतात. प्रत्येक सहभागीसोबत बसून हे आधीच ठरवून घे.

आणि एक रेषा पहिल्याच दिवशी आखून दे. पुढारी मध्यस्थी करतील ती वेळा, मार्ग, आवाज, जागा यांच्या वादांत. मारहाण, बलात्कार, सक्तीचं धर्मांतर, जाळपोळ आणि संघटित बहिष्कार यांत तडजोड करायची नाही. पीडिताला तक्रारीपर्यंत नेऊन सोडायचं. शांतता समित्या बिघडतात त्या इथे. ‘गावाची शांतता’ म्हणत दुबळ्या बाजूला तक्रार मागे घ्यायला लावतात, आणि तीही दर वेळी तीच बाजू.

अनुदान देणारे तुला शिबिराआधी आणि नंतर प्रश्नावली भरून घ्यायला सांगतील. घे, पण तिच्यावर विसंबू नकोस. तिसऱ्या दिवशी प्रत्येक जण सहिष्णू उत्तरंच लिहितो. त्यापेक्षा तीन, सहा आणि बारा महिन्यांनी विचार: स्वतःच्या सभेत किती वेळा बोललात? जोडीदाराला शेवटचा फोन कधी केलात? कोणता नियम बदलून घेतलात? तक्रारीसाठी कोणासोबत गेलात? या पाठपुराव्यासाठी निधी आत्ताच बाजूला काढ. एकूण रकमेचा निम्मा भाग शिबिरानंतरच्या वर्षासाठी ठेव, असं माझं मत आहे. उद्घाटन समारंभाचा दीड तास आणि त्याचा खर्चही तिकडेच वळव.

कार्डांचे प्रसंग लिहून झाले की पाठव. मी वाचून खुणा करून देईन.

तुझी,
आई