बीपीची गोळी देताना दोन वाक्यं जास्त बोला

महोदय,

१७ मे रोजी जागतिक उच्च रक्तदाब दिन होऊन गेला. मीठ कमी खा, रोज चाला, वजन उतरवा, हे सगळीकडे छापून आलं आणि ते खरंच आहे. पण ज्यांना गोळी सुरू झालीच आहे, त्यांनी त्या गोळीबद्दल काय जाणून घ्यावं, हे कुठेच दिसलं नाही. मी कराडला औषधाच्या दुकानात १९ वर्षं फार्मासिस्ट म्हणून काम करतो, म्हणून हे पत्र.

माझी आई गावी असते, वय ७१. तिची ॲम्लोडिपिनची ५ मिलिग्रॅमची गोळी बीपी उतरत नाही म्हणून डॉक्टरांनी १० ची केली. गोळ्या मीच नेऊन देत होतो. पावसाळ्यात घरी गेलो तर तिच्या पायात जोडवी नव्हती. "आरं, रुतायला लागली म्हणून काढली," एवढंच म्हणाली. मीही पुढे विचारलं नाही. पुढच्या खेपेला जोडवी परत पायात होती. मला बरं वाटलं. मग गोळ्यांचा डबा उघडला, तर मागच्या वेळी दिलेली दोन पाकिटं तशीच, एकही गोळी फोडलेली नाही. शेजारणीने सांगितलं होतं की पाय सुजले म्हणजे किडनी चालली, आणि ती या गोळ्यांनीच जाते. आईने गोळी सोडली, सूज उतरली. तिच्या दृष्टीने शेजारीण खरी ठरली. त्या संध्याकाळी बीपी मोजलं, १९०/१०४.

ही सूज किडनीची नव्हती. ॲम्लोडिपिनने बारीक धमन्या सैल होऊन रुंदावतात, शिरा मात्र तितक्या रुंदावत नाहीत. मग रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं आणि उभं राहणाऱ्या माणसाच्या घोट्याशी साठतं. मात्रा जितकी जास्त तितकी सूज येण्याची शक्यता जास्त. डॉक्टरांनी १० ची परत ५ केली, जोडीला टेल्मिसार्टन ४० ही बीपीची दुसरी गोळी दिली, काही आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी तपासणी) आणि पोटॅशियम तपासून घेतलं. बीपी आटोक्यात आलं, जोडवीही पायात राहिली. हे सगळं मला माहीत होतं. दुकानात अनोळखी गिऱ्हाइकाला सांगतो ते मी आईला सांगितलं नव्हतं, याचं मला फार वाईट वाटतं. (सूज हृदयाची किंवा किडनीचीही असू शकते, म्हणून ती डॉक्टरांना दाखवावी लागतेच. पण ॲम्लोडिपिनच्या सुजेवर नुसती लघवीची गोळी वाढवून फारसा फरक पडत नाही, उलट म्हाताऱ्या माणसाचं रक्तातलं सोडियम उतरून भलताच त्रास होऊ शकतो.)

दुसरा प्रकार खोकल्याचा. एक गृहस्थ चार महिने आमच्याकडून खोकल्याचं औषध नेत होते. कोरडी ढास, रात्री जास्त. एक्स-रे झाला, थुंकी तपासली, काही निघालं नाही. एकदा त्यांनी बीपीची चिठ्ठी काउंटरवर ठेवली, तर त्यात रामिप्रिल. रामिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्यांनी शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ साठतो आणि काही जणांना अशी ढास लागते. मी त्यांना डॉक्टरांकडे परत पाठवलं. गोळी बदलली, महिन्याभरात खोकला गेला.

ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर त्या स्वतःहून एकदम बंद करूच नयेत. धडधड वाढते, हृदयविकार असलेल्याला झटकाही येऊ शकतो. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक गोळी मागणारे रोज येतात. त्याने बीपी चढतं आणि किडनीवर ताण येतो, हे आम्हीच विचारून सांगायला हवं. "लो सोडियम" मिठात पोटॅशियम असतं. टेल्मिसार्टननेही रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून ती घेणाऱ्याने हे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

डॉक्टरांपुढे रांग असते, हे मान्य. पण गोळी लिहिताना "पाय सुजले, ढास लागली, उठताना चक्कर आली तर बंद करू नका, मला सांगा" एवढं म्हणायला किती वेळ लागतो? आम्हा दुकानदारांचंही चुकतं. पाच गोळ्या कात्रीने कापून देतो आणि नाव व मुदत छापलेला तुकडा आमच्याकडेच राहतो. पेशंट मग "ती बारकी पांढरी गोळी" म्हणत फिरतो. मी आता नाव, मात्रा, मुदत पाकिटावर पेनाने लिहून देतो. आईच्या डब्याच्या झाकणावरही मार्करने लिहिलंय, "पाय सुजले तर फोन कर."

औषधाचा दुष्परिणाम पेशंट स्वतःही कळवू शकतो, हे फार थोड्यांना माहीत आहे. २०१० पासून केंद्र सरकारचा औषध-दक्षता कार्यक्रम चालू आहे. त्याचा मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४. आपल्या आरोग्य पुरवणीत हा क्रमांक ठळक छापावा, आणि बीपीच्या नेहमीच्या गोळ्यांची एक चौकट द्यावी, ही विनंती. लोक ती कापून डब्यात ठेवतील.

— एक फार्मासिस्ट, कराड (जि. सातारा)